नाव चुकले की उपाय चुकतो

सातपुड्याच्या दक्षिण उतारावर, नागपूरपासून शंभर किलोमीटरच्या आत, पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके आहेत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात होणाऱ्या गोटमारीमुळे पांढुर्ण्याचे नाव वर्षातून एकदा सगळ्या वृत्तपत्रांत येते आणि पुन्हा वर्षभर विसरले जाते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्याबरोबर हे दोन मराठीभाषी तालुकेही तिकडेच राहिले. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. राज्य हिंदी, घरची बोली मराठी. शेतात संत्रा आणि कापूस. बाजारपेठेची ओढ नागपूरकडे आणि सरकारी कागद भोपाळहून, अशी येथील शेतकऱ्याची स्थिती आहे. आज त्याच्याविषयी लिहावयाचे ते एका अगदी लहान प्राण्याच्या निमित्ताने, आणि खरे म्हणजे त्या प्राण्याच्या नावाच्या निमित्ताने.

कपाशीच्या पानाखाली बसणारा, हात लागताच तिरका चालणारा किंवा टुणकन उडी घेणारा जो हिरवट किडा असतो त्याला हा शेतकरी तुडतुडा म्हणतो. त्याच किड्याला हिंदी पत्रकात कधी हरा मच्छर म्हटलेले असते, तर कधी फुदका. तो मच्छर नव्हे हे सांगणे नलगे. फुदका म्हणजे फुदकणारा, उड्या मारणारा. पण फुदका आंब्यावरही असतो आणि भातावरही असतो. त्याच हिंदी मुलखात भातावरच्या तपकिरी तुडतुड्याला भूरा माहू म्हणण्याचा प्रघात आहे, आणि माहू हा शब्द तर मोहरीवरच्या किंवा हरभऱ्यावरच्या त्या किड्यासाठीही वापरला जातो ज्याला आपण मराठीत मावा म्हणतो. मराठीत मावा वेगळा आणि तुडतुडा वेगळा. हिंदीत एकाच माहूच्या पोटात दोन्ही. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या शेतकऱ्याने पत्रकातला शब्द वाचून आपल्या पिकावरचा किडा कोणता ते ठरवावयाचे म्हणजे त्याच्यापुढे कोडेच घालण्यासारखे आहे.

किनारपट्टीच्या आमच्या वाचकांस वाटेल, की सातपुड्यातल्या कपाशीवरच्या किड्याशी आपले काय देणेघेणे? परंतु तुडतुडा हा शब्द कोकणात आणि गोमंतकात कोणाला अपरिचित नाही. हापूसला मोहोर आला की त्याच्यावर पाचरीच्या आकाराचे जे किडे शेकड्यांनी बसतात, रस शोषून मोहोर गाळतात आणि ज्यांच्या चिकट स्रावावर पुढे काळी काजळी धरते, ते तुडतुडेच. भाताच्या खाचरात चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या थोडेसे वर जे तपकिरी किडे दाटीने बसतात आणि पाहता पाहता शेतात गोल गोल करपलेली खळी पाडतात, तेही तुडतुडेच. भातावर तपकिरी, पांढऱ्या पाठीचे आणि हिरवे असे तीन तुडतुडे आपला शेतकरी ओळखतो. नावावरून ते तिघे सख्खे भाऊ वाटतात. प्रत्यक्षात तसे नाही. भातावरचा हिरवा तुडतुडा, आंब्याच्या मोहोरावरचा तुडतुडा आणि पांढुर्ण्याच्या कपाशीवरचा तुडतुडा हे एका घराण्यातले आहेत. आणि त्याच भातावरचे तपकिरी व पांढऱ्या पाठीचे तुडतुडे हे निराळ्याच घराण्यातले. म्हणजे एकाच चुडावर वर बसलेला आणि खाली बसलेला हे परस्परांचे परके, आणि रत्नागिरीच्या आंब्यावरचा व सौंसरच्या कपाशीवरचा हे मात्र परस्परांचे भाऊबंद.

ही घराणी कशी ओळखावयाची? कीटकशास्त्रात पहिल्या घराण्याला सिकाडेलिडी कुल म्हणतात. त्यातले बहुतेक किडे पानांवर राहतात, म्हणून त्यांना पानतुडतुडे म्हणावे. दुसऱ्या घराण्याला फुल्गोरोमॉर्फा असा मोठा विभाग दिलेला आहे आणि तपकिरी तुडतुडा त्यातील डेल्फॅसिडी कुलातला आहे. या विभागास सोयीसाठी बुंधतुडतुडे म्हणू, कारण आपल्या भातावरचे त्याचे प्रतिनिधी बुंध्याशी राहतात. दोहोंतला फरक पाहावयास प्रयोगशाळा लागत नाही. साधे हातभिंग पुरते. पानतुडतुड्याच्या मागच्या पायाच्या नडगीवर कंगव्याच्या दातांसारख्या बारीक काट्यांच्या ओळी असतात. डेल्फॅसिडी कुलातल्या किड्याच्या नडगीच्या टोकाशी मात्र हलणारी एक मोठी आर असते. ती दिसली की प्रश्नच उरत नाही. पानतुडतुड्याच्या मिशा दोन डोळ्यांच्या मध्ये, केसासारख्या बारीक असतात. बुंधतुडतुड्याच्या मिशा डोळ्यांच्या खाली असतात आणि त्यांचा दुसरा पेरा फुगीर असतो. हे एवढे पाहणे शाळेत जाणाऱ्या मुलासही जमावे.

तुडतुडा हे नाव आपण त्याच्या तुडतुडीत उडीवरून ठेवले असावे, आणि ती उडी दोन्ही घराण्यांना साधते. पण उडी सारखी दिसली म्हणून उडणारा एक असे होत नाही. बुंधतुडतुड्यांच्या विभागातील एका युरोपीय किड्याच्या पिल्लांच्या मागच्या दोन पायांच्या मुळाशी एकमेकांत बसणारे दातेरी चक्राचे तुकडे असतात, असे केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये दाखवून दिले. दोन्ही पाय अगदी एकाच क्षणी उडावेत म्हणून निसर्गाने बसविलेले ते दंतचक्र होय. बाहेरून दिसणाऱ्या एका उडीमागे इतकी निरनिराळी यंत्रे असू शकतात, आणि नाव देणाऱ्याने बाह्य चिन्हावर का थांबू नये हे त्यावरून कळते.

नावाने फसण्यात शास्त्रज्ञही मागे राहिले नाहीत. मारिया सिबिला मेरियन या विदुषीने दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे जाऊन तेथील कीटकांची अप्रतिम चित्रे काढली आणि १७०५ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यात एका मोठ्या, भुईमुगाच्या शेंगेसारखे डोके असलेल्या किड्याचे डोके रात्री दिव्यासारखे उजळते असे तिने लिहिले. वर्गीकरणशास्त्राचा जनक लिनियस याने त्यावर विश्वास ठेवून १७५८ मध्ये त्या किड्याला लॅटर्नेरिया म्हणजे कंदीलवाला असे नाव दिले आणि त्याला सिकाडांच्या वंशात घातले. पुढे त्यानेच त्याच्यासाठी फुल्गोरा हा वंश केला. हे नाव विजेच्या रोमन देवतेवरून आलेले आहे. हा किडा प्रकाशत नाही हे नंतर सिद्ध झाले, पण नाव राहिले. आणि आज आपल्या भातावरच्या तपकिरी तुडतुड्यासह त्या संपूर्ण विभागाला त्या न लागलेल्या दिव्याचेच नाव आहे.

हिंदुस्थानातील या किड्यांची पद्धतशीर नोंद प्रथम झाली ती विल्यम ल्यूकस डिस्टंट या इंग्रज अभ्यासकाच्या हातून. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीविषयीच्या ग्रंथमालेत रस शोषणाऱ्या कीटकांवरचे त्याचे सात खंड १९०२ ते १९१८ या काळात निघाले. त्यातील १९०६ च्या कामात त्याने एका वंशाला नीलपर्वत असे नाव दिले. आपल्या खाचरातला तपकिरी तुडतुडा, ज्याचे वर्णन स्वीडनच्या कार्ल स्टाल याने १८५४ मध्ये केले होते, तो याच वंशात बसतो. म्हणून जगभर त्याला नीलपर्वत लुगेन्स म्हणतात. मनिला, टोकियो, हनोई येथील शास्त्रज्ञ भाताच्या या वैऱ्याचा उल्लेख करतात तेव्हा एक शुद्ध संस्कृत शब्द उच्चारतात, ही मौज आपल्याकडील किती जणांस ठाऊक असेल?

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी लात्रेय याने रसशोषक कीटकांची दोन दालने केली. ज्यांचे पुढचे पंख अर्धे जाड व अर्धे पातळ, ते एका दालनात. ज्यांचे पंख सगळे एकसारखे, ते समपंखी म्हणून दुसऱ्या दालनात. तुडतुडे, मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, सगळे समपंखी. ही व्यवस्था पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ टिकली आणि आपल्या कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या शिकविली गेली. १९९५ मध्ये आनुवंशिक द्रव्याची तुलना करणाऱ्या अभ्यासांनी दाखविले की समपंखी हे एक कुटुंब नव्हेच. मावा व पांढरी माशी यांची शाखा आधीच वेगळी झाली असून तुडतुडे हे ढेकणाच्या शाखेला अधिक जवळचे आहेत. एवढेच नव्हे, तर पानतुडतुडे आणि बुंधतुडतुडे हे दोघे खरोखरच एका शाखेवरचे आहेत काय, यावरही त्यानंतर वाद चालला. आज बुंधतुडतुड्यांच्या विभागात सुमारे वीस कुले आणि बारा हजारांहून अधिक जाती मोजल्या जातात. पानतुडतुड्यांच्या एकट्या कुलात त्याहून किती तरी अधिक. त्यांच्यातील जवळीक-दुरावा ठरविण्याचे काम अजून संपलेले नाही.

हे सगळे विद्वानांचे कौतुक झाले. शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, असा प्रश्न कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हवाई बेटांवरील उसाच्या हकिगतीत सापडते. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील मळ्यांत उसावर एका बुंधतुडतुड्याने कहर केला. हा किडा बाहेरून आलेला होता. १९०३ मध्ये त्याचे शास्त्रीय नामकरण झाले. तेथील ऊसमळेवाल्यांच्या प्रयोगकेंद्रात फ्रेडरिक मुइर नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये असा एक लहान ढेकणाच्या जातीचा किडा पाहिला की जो या तुडतुड्याची अंडी शोषून टाकीत असे. त्याचे कुल वनस्पतींचा रस पिणारे म्हणून प्रसिद्ध. तेव्हा हा किडा बेटावर आणला तर तोच उसाला भारी पडेल अशी भीती साहजिक होती. मुइर यांनी कुलाच्या लौकिकावर न थांबता या एका जातीचे प्रत्यक्ष वर्तन पाहिले, तो अंडीच खातो याची खात्री करून घेतली आणि १९२० मध्ये त्याला हवाईत आणले. थोड्याच वर्षांत उसावरचे संकट आटोक्यात आले. याच मुइर यांनी त्या दशकात बुंधतुडतुड्यांच्या साऱ्या कुलांची फेरमांडणी केली, आणि पुढील अभ्यास तिच्या पायावर उभा राहिला. एकाच माणसाने वर्गीकरणाचे पुस्तकही लिहावे आणि मळेही वाचवावेत, हा निव्वळ योगायोग नव्हे. शत्रू कोण, तो कोठून आला आणि त्याच्या मूळ देशी त्याला कोण खातो, या तिन्ही प्रश्नांची किल्ली नावात असते. मात्र घराण्याचे नाव म्हणजे व्यक्तीचे वर्तन नव्हे, हेही त्याच हकिगतीतून शिकावयाचे.

भाताची कथा याहून कडू आहे. जपानात १७३२ मध्ये तुडतुड्यांमुळे भात बुडून मोठा दुष्काळ पडला, इतकी या किड्याची दहशत जुनी. पण आपल्या पिढीने पाहिलेला त्याचा उद्रेक बव्हंशी मनुष्यनिर्मित होता. दाट लावणी, नत्रखताचा मारा, सतत साचलेले पाणी आणि जोडीला कीटकनाशकांची फवारणी, हे सगळे तपकिरी तुडतुड्याच्या पथ्यावर पडले. १९७३-७४ मध्ये केरळात त्याने भाताची धूळधाण केली. त्याला दाद न देणारे आय. आर. २६ हे वाण १९७३ मध्ये आले, पण काही वर्षांतच त्या वाणावर पोसणारे तुडतुडे निपजले. फवारा चुडाच्या शेंड्यावर बसतो आणि किडा बुंध्याशी असतो. त्यामुळे तो वाचतो, आणि त्याला खाणारे कोळी व मित्रढेकूण मात्र मरतात. हे ध्यानात आल्यावर इंडोनेशियाने १९८६ मध्ये ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर एका फर्मानानिशी बंद केला. किडा ओळखून, तो कोठे बसतो आणि त्याचे वैरी कोण हे समजून घेऊन एखाद्या सरकारने धोरण बदलल्याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

आता याच खाचरात हिरवा तुडतुडा असेल तर सगळेच गणित बदलते. तो स्वतः पिऊन करतो त्या हानीपेक्षा टुंग्रो हा विषाणुरोग पसरवितो ती हानी मोठी. तेथे थोडे किडेही धोक्याचे. तपकिरी तुडतुड्याच्या बाबतीत मात्र प्रतिचूड संख्या मोजूनच निर्णय घ्यावयाचा. एकासाठी पाणी काढून टाकणे, ओळींत पट्टे सोडणे, नत्र आवरणे, हे उपाय. दुसऱ्यासाठी रोगट रोपे उपटणे आणि रोग सोसणारे वाण पेरणे. शिवाय आशियातील भातशेतांच्या आसपास, बांधावरच्या गवतावर, तपकिरी तुडतुड्यासारखेच दिसणारे नीलपर्वत वंशातले दुसरे किडेही सापडतात. त्यातील एकाला तर मुइर यांचेच नाव आहे. ते गवत खातात, भाताचे काही बिघडवीत नाहीत. नराचे जननावयव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून त्यांच्यात भेद करणे कठीण. निरुपद्रवी किडा पाहून घाबरणे आणि उपद्रवी किडा पाहून निश्चिंत राहणे, दोन्ही महागात पडणारे.

पांढुर्णा-सौंसरच्या शेतकऱ्याचा प्रश्न याच मालिकेतला आहे. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बोंडअळीसाठी केलेली ती योजना. रस शोषणाऱ्या किड्यांवर तिचा परिणाम नाही. अळीची चिंता काही काळ हटली, तसे तुडतुडे, पांढरी माशी, मावा आणि फुलकिडे पुढे आले. पानाच्या कडा आत वळतात, पिवळ्या पडतात, मग लालसर होतात. ही खूण तुडतुड्याची. पण खतांची उणीव झाली तरी पान लाल होते. अशा वेळी भिंग घेऊन पानाची मागची बाजू पाहावयाची, की दुकानदाराने सांगितलेले दोन-तीन औषधांचे मिश्रण टाकीत ओतावयाचे? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले. त्या दुर्दैवाची कारणे अनेक होती आणि ती सगळी किड्याच्या नावावर लोटणे योग्य होणार नाही. तथापि निदान न करता फवारण्याची सवय हे त्या वातावरणाचे एक अंग होते, हे नाकारता येणार नाही. केसाळ पानांच्या वाणांवर तुडतुडा टिकत नाही, ही गोष्ट आपल्या देशातील कापूस-संशोधकांस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु तिचा लाभ घ्यावयाचा तर आपल्या शेतातला किडा तुडतुडाच आहे, पांढरी माशी नव्हे, हे आधी ठरले पाहिजे.

संत्र्याच्या बागेत तर नावांचा घोळ आणखी आहे. पाने-फांद्या काळ्या पडल्या की बागाईतदार म्हणतो, कोळशी आली. कोळशी हे लक्षणाचे नाव झाले. काळी दिसते ती बुरशी, आणि ती वाढते कोणत्या तरी किड्याने टाकलेल्या गोड चिकट्यावर. तो किडा बहुधा काळी माशी. पण काळी माशी ही माशी नव्हे. तिला माशीसारखे दोन पंख नसून चार असतात आणि ती कपाशीवरच्या पांढऱ्या माशीची भावकी आहे. चिकटा मावाही टाकतो आणि सायलाही टाकतो. यातला सायला हा सर्वांत घातक, कारण तो पाने पिवळी पाडून झाड हळूहळू मारणाऱ्या ग्रीनिंग रोगाचे जंतू एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतो. कोळशी म्हणून बुरशीनाशक फवारले आणि किडा तसाच राहिला, तर पैसा गेला आणि बागही गेली.

या काळ्या माशीची एक जुनी गोष्ट आपल्या अभिमानाची आहे. आशियातून ती अमेरिका खंडात गेली आणि तेथील लिंबूवर्गीय बागांचा तिने नाश मांडला. मलायातून नेलेल्या एका परोपजीवी गांधीलमाशीने १९३० नंतर क्यूबात तिला आवरले. पण तीच गांधीलमाशी मेक्सिकोच्या कोरड्या भागांत चालेना. तेव्हा अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९४९-५० च्या सुमारास भारत आणि पाकिस्तानातील बागांतून या माशीवर जगणाऱ्या निराळ्या जाती शोधून नेल्या, आणि मेक्सिकोतील बागा वाचल्या. डोळ्यांना टाचणीच्या टोकाएवढ्या दिसणाऱ्या त्या गांधीलमाश्यांची एकेक जाती वेगळी ओळखली गेली नसती, तर हे घडले नसते. आपल्या बागांतून त्या नेल्या गेल्या, म्हणजे त्या आपल्याकडे आहेत. आणि बेछूट फवाऱ्याने आपणच त्यांना मारीत असतो.

कोणी असाही आक्षेप घेईल की शास्त्रीय नावे तरी कोठे स्थिर आहेत? कपाशीवरच्या तुडतुड्याला डिस्टंटने १९१८ मध्ये एम्पोआस्का डेव्हास्टन्स म्हटले. आज त्याला अम्रास्का बिगुट्टुला म्हणतात. शास्त्रज्ञच नाव बदलणार असतील तर शेतकऱ्याने ते का शिकावे? त्याचे उत्तर असे, की शास्त्रीय नाव बदलते तेव्हा जुन्या नावाची नोंद सुटत नाही. जुने कोठले ते नवे कोठले याचा वंशवृक्षच ग्रंथांत राहतो. हा तुडतुडा २०२३ मध्ये कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको बेटावर आढळला आणि नंतर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरही पोचला. त्याचे नाव निश्चित होताच, भारतात शंभर वर्षे त्याच्यावर झालेले काम, जुन्या नावाखालचे आणि नव्या नावाखालचे, तेथील शास्त्रज्ञांपुढे खुले झाले. फ्लॉरिडाच्या कापूसवाल्याला आपल्या देशातील संशोधन उपलब्ध व्हावे आणि सौंसरच्या शेतकऱ्याला मात्र नागपूरचे संशोधन केवळ भाषा व राज्य यांच्या रेषेमुळे दुरावावे, ही विसंगती आहे.

कारण साधने दूर नाहीत. कापसाची केंद्रीय संशोधन संस्था १९७६ पासून आणि लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था १९८५ पासून नागपुरात आहे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ मराठीतून पुस्तिका काढते. पांढुर्ण्याचा शेतकरी मात्र शासकीयदृष्ट्या जबलपूरच्या कृषी विद्यापीठाच्या छायेत येतो आणि तेथील साहित्य हिंदीत. दोन्ही ठिकाणची माणसे आपापल्या परीने काम करीत असतील. आमचे म्हणणे व्यक्तींविषयी नाही. सीमेवरच्या शेतकऱ्याला जो किडा दिसतो त्याला दोन्हीकडची नावे एका कागदावर लावून देण्याचे काम कोणाचेच नाही, हे आमचे म्हणणे आहे.

तेव्हा आमच्या मते तीन गोष्टी व्हावयास हव्यात, आणि त्यास फार खर्च येणार नाही. पहिली म्हणजे, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या कृषी खात्यांनी सीमेवरच्या तालुक्यांसाठी द्विभाषिक कीडपत्रके काढावीत; त्यांत किड्याचे रंगीत चित्र, मराठी नाव, हिंदी नाव आणि देवनागरीत लिहिलेले शास्त्रीय नाव ही चारही असावीत. दुसरी म्हणजे, मराठीपुरते तरी शब्द निश्चित करावेत. पानांवरचा तुडतुडा आणि बुंध्याचा तुडतुडा हा भेद शब्दांतच आणला, तर फवारा कोठे मारावयाचा हे नावच सांगेल. तिसरी आणि सर्वांत कठीण म्हणजे, किडे ओळखणारी माणसे तयार करणे. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात सी. ए. विरक्तमठ यांच्यासारख्या विद्वानाने पानतुडतुड्यांच्या वर्गीकरणाला आयुष्य वाहिले आणि भारताचे नाव त्या शास्त्रात उंच केले. अशी माणसे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. वर्गीकरण म्हणजे टाचणीला किडे टोचून पेट्या भरणे, अशी एक तुच्छतेची भावना आपल्याकडे रूढ आहे. त्यामुळे हुशार विद्यार्थी या वाटेला फिरकत नाही. प्रत्येक जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात त्या भागातील पिकांवरच्या किड्यांचा नावे लावलेला संग्रह असला, आणि शेतकऱ्याने बाटलीत आणलेला किडा त्याच्याशी ताडून पाहणारा एक जाणता माणूस असला, तर लाखोंचे विष वाचेल.

रोग्याला औषध देण्याआधी वैद्य नाडी पाहतो, आणि नाडी न पाहता औषध देणाऱ्याला आपण वैद्य म्हणत नाही. पिकाच्या बाबतीत मात्र तोच व्यवहार आपण वर्षानुवर्षे चालू दिला आहे. पांढुर्ण्याच्या कपाशीत, सौंसरच्या संत्राबागेत आणि आपल्या वायंगणाच्या खाचरात एकच उणीव आहे. फवारा मारणारा पंप प्रत्येक गावात पोचला. दहा-वीस रुपयांचे भिंग मात्र पोचले नाही. येत्या हंगामापूर्वी दोन्ही राज्यांच्या कृषी खात्यांनी निदान पत्रकापासून आरंभ करावा, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.